इथे राहणारं कुणीतरी

७ फेब्रुवारी २०२०, शुक्र.

सही केली. कंपनीची डायरेक्टर झाले.

आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे संस्थापक ओकाबे-सान चार दिवसांसाठी टोकियोहून आलेत. सकाळी आत बोलावलं. टेबलावर कागद, त्यावर पेन, पेनाचं टोपण आधीच काढलेलं. आयर्लंडच्या कायद्याप्रमाणे डायरेक्टरांपैकी एक तरी युरोपीय संघात राहणारा हवा. आधीचा मॅनेजर जानेवारीत घाईघाईने ब्रिटनमध्ये, कार्डिफला निघून गेला, ती जागा रिकामी. 'शारुबारी-सान, अवघड विनंती आहे.' (शर्वरी त्यांच्या तोंडात बसत नाही.) आणि वाकले. ज्या माणसाच्या रेषेसाठी मी नागपूर सोडलं, तो सत्तरीला टेकलेला माणूस माझ्यापुढे कमरेत वाकतोय. मग मी कागद वाचणार कप्पाळ.

पगार तोच, काम तेच. प्रॉडक्शन सांभाळायचं. फक्त दाराच्या आत कुठेतरी नाव लागेल.

दुपारी केक. एकवीस जणांना पुरला. नीव्ह म्हणाली, 'आता तुला बॉस म्हणायचं का?' म्हटलं, म्हणून तर बघ. ती क्लीन-अपची, म्हणजे कच्ची चित्रं स्वच्छ रेषेत उतरवणाऱ्यांची प्रमुख, गॉलवेतलं माझं पहिलं माणूस. ती मला शार म्हणते.

बावीस वर्षांपूर्वी भाड्याच्या दोन खोल्यांत तिघांनी काढलेला स्टुडिओ. आज टोकियोत स्वतःची चार मजली इमारत, आणि इथे आम्ही. दीपगृहाची मालिका सव्वीस भागांची, सगळी हाताने, कागदावर. इतकं मोठं काम युरोपात कुणी कागदावर करत नाही. दहा वर्षांपूर्वी मी लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंना बदामाच्या आकाराची टायटलं लावत होते.

बाबा पुढच्या आठवड्यात येतायत. समोरासमोर सांगेन.


१६ फेब्रु., रवि.

बाबा आले. तीन महिन्यांसाठी. आई गेल्यापासूनचा पहिला मोठा प्रवास. डब्लिनहून बसमध्ये अख्खा वेळ खिडकीला नाक लावून. 'भल्ली थंडी आहे बाई, पण गाई धष्टपुष्ट आहेत.' बॅगेत तिखट, गव्हाचे सरगुंडे, तीन स्वेटर आणि माझी दहावीची मार्कशीट. ती कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

जेवताना बातमी सांगितली. वाटलं होतं, घास खाली ठेवून आत्याला फोन लावतील. यवतमाळपर्यंत बोभाटा होईल. बाबा म्हणाले, 'कायले केली सही?'

'कायले म्हणजे? मान आहे तो.'

'पुरं वाचलं होतं का?'

मग हात धुऊन आडवे झाले. प्रवासाचा शीण असेल. किंवा मुलगी डायरेक्टर होते हे पचत नसेल. हेडमास्तर रिटायर झाले तरी तपासणी सुटत नाही. मला राग आलाय आणि तो इथे लिहून ठेवतेय.


१३ मार्च, शुक्र.

काल दुपारी पंतप्रधान बोलले, आज ऑफिस रिकामं. चित्रं काढायच्या दिव्याच्या पेट्या ज्याने त्याने आपापल्या गाडीत घातल्या. नीव्हने माझी घरी आणून दिली, मला गाडी नाही. दोन आठवड्यांचं आहे असं सगळे म्हणतायत.

ओकाबे-सान (यापुढे ओ.सा.) टोकियोतच. आता येणं नाही. जाताना स्वतःचा एक शिक्का माझ्याकडे ठेवून गेले होते. तपासणी फोटोवर करणार, शिक्का मी मारायचा.


२९ मार्च, रवि.

घरापासून दोन कि.मी. त्यापलीकडे जायचं नाही. बाबांचं मेचं विमान रद्द. व्हिसा सरकारने आपणहून वाढवला, ती काळजी नाही. पण सत्तरी ओलांडलेल्यांनी घराबाहेरच पडू नये म्हणतायत. दोन खोल्या, एक म्हातारा, एक दिव्याची पेटी, आणि जेवायच्या टेबलावर आता जेवायला जागा नाही.

तरी नियम मोडून सकाळी सहाला, कुणी नसताना, त्यांना प्रॉमवर, समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर नेलं. फिरणं संपतं तिथल्या भिंतीला लाथ मारून परतायचं, अशी इथली रीत. बाबा म्हणाले, लाथ कायले मारायची बिचारीले? हात लावला आणि तो हात छातीला लावला.


२३ एप्रिल

बाबांना काम सापडलं. एका शॉटचं एक खाकी पाकीट असतं. त्यात त्या शॉटची सगळी चित्रं. पाकिटावर छापील चौकोन: मुख्य चित्रं, मधली चित्रं, तपासणी, रंग. ज्याचं काम झालं तो आपल्या चौकोनात आपला शिक्का मारतो. शिक्का नसेल तर पाकीट पुढे सरकत नाही. नीव्ह आठवड्यातून दोनदा पाकिटं दारात ठेवून, खिडकीतून हात हलवून जाते. बाबा ती क्रमाने लावतात, आतली पानं मोजतात. एकशे बारा नंबरच्या पाकिटात एक पान कमी निघालं ते त्यांनीच पकडलं. चेहरा असा खुलला की बघत राहावं.

पण ओ.सां.चा शिक्का मी मारायला घेतला की ते खुर्ची मागे घेतात. आज बोलले, 'दुसऱ्याचा शिक्का आपण माराचा?'

'परवानगीने मारतेय, बाबा.'

'परवानगी कागदावर आहे का?'

नाही. पण तसं मी सांगितलं नाही.


९ जून

टोकियोला गेलेलं खोकं वीस दिवस बेपत्ता होतं. जर्मनीतल्या कुठल्याशा विमानतळावर पडून राहिलेलं, आज पोचलं. सातव्या भागाची सगळी चित्रं त्यात. आम्ही इथे अक्षरशः नाचलो.

संध्याकाळी ओ.सां.चा मेल. सातव्या भागातला समुद्र मनासारखा नाही. परत काढू या.

परत. सगळा भाग. नीव्ह फोनवर म्हणाली, 'वेडा आहे गं तुझा माणूस.' म्हटलं, वेडा आहे म्हणूनच आपण इथे आहोत. दोघी हसलो. मग मी त्यांनी नव्याने काढलेला समुद्राचा नमुना उघडून बघितला. आमचा समुद्र पाणी होता. त्यांचा समुद्र चिडलेला.


२२ जुलै, बुध.

बक्षीस मिळालं. पहिल्या भागाला, युरोपातल्या एका मोठ्या महोत्सवात. समारंभ ऑनलाइन. गॉलवेच्या पेपरात आम्हा एकवीस जणांचा फोटो, प्रत्येक जण आपापल्या चौकटीत. बाबांनी तो कापून प्रेसच्या दाराला आतून चिकटवला. प्रेस म्हणजे कपाट, हा इथला शब्द आता तेही वापरतात.

सकाळी बोर्ड मीटिंग. बोर्ड म्हणजे ओ.सा., मी, आणि कागद करायला अकाउंटंट डेक्लन. ओ.सा. पाऊण तास दहाव्या भागाबद्दल बोलले. लाटेवर प्रकाश कसा पडतो ते कागद कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. शेवटी डेक्लनने हळूच विचारलं, मालिका घेणाऱ्या कंपनीचा या महिन्याचा हप्ता आला का? ओ.सां.नी श्वास आत ओढला. 'ते जरा अवघड आहे.'

मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. 'अवघड आहे' म्हणजे 'नाही'. नाही हा शब्द ते कुणाच्या तोंडावर म्हणत नाहीत. डेक्लनला ते कळलं नाही. मला लख्ख कळलं. पुढे विचारायला हवं होतं: का नाही, किती दिवस नाही, टोकियोत किती उरलंय? वडीलधाऱ्या माणसाला पैशाचं कसं विचारायचं? घरात कधी शिकवलंच नाही. ते सांगत नाहीत, मी विचारत नाही, आणि दोघंही एकमेकांना मान देतोय.

मीटिंगच्या मिनिट्सवर सही केली.


३ सप्टेंबर, गुरु.

आजचं सगळं लिहायचं आहे.

सकाळी डेक्लनचा फोन. टोकियोहून पैसे आलेच नाहीत. मालिका घेणाऱ्या कंपनीने जुलैपासून हप्ता थांबवलाय, भाग वेळेवर मिळत नाहीत म्हणून. जे खात्यात आहे त्यात सरकारची सबसिडी धरून नोव्हेंबरपर्यंतचे पगार होतील. पुढे काही नाही. म्हणाला, 'तू डायरेक्टर आहेस, तुला सांगणं माझं काम आहे.' आवाज मऊ होता, पण सांगितलं ते सांगितलं.

अकराला नीव्ह पाकिटं घेऊन आली. आज आत आली, खिडक्या उघड्या ठेवून. बाबांनी चहा केला. तिला किलकेनीच्या एका स्टुडिओकडून ऑफर आलीये. पगार बरा, तीन वर्षांचं काँट्रॅक्ट. उद्यापर्यंत कळवायचंय. कप दोन्ही हातांत धरून तिने सरळ विचारलं, 'मला जायचं नाहीये. समुद्र अर्धा सोडून कुठे जाऊ? पण शार, आपण ठीक आहोत ना?'

मी म्हणाले, 'वी आर ग्रँड.' ग्रँड म्हणजे इथे 'एकदम ठीक'.

किती सहज म्हणाले. इथलीच असल्यासारखी.

खरं सांगितलं असतं तर ती गेली असती. ती गेली तर समुद्र कोण काढणार, भाग कसा पुरा होणार, हप्ता कसा सुटणार? असा हिशोब त्या क्षणी डोक्यात होता का? बहुतेक होता. शिवाय ओ.सां.चं नाव खाली कसं पाडायचं. शिवाय मला ती जायला नको होती. सगळं एकात एक.

दुपारी मेसेज आला, ऑफर नाकारली. सोबत हसणारं तोंड.


२३ ऑक्टो.

पुन्हा सगळं बंद. या वेळी पाच कि.मी. बाबा म्हणतात, तीन वाढले.

ओ.सां.ना मेल लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी गेला तो असा: 'आपली तब्येत कशी आहे? पुढील नियोजनाबद्दल मार्गदर्शन व्हावं.' उत्तरात लाटेचं एक चित्र आलं आणि खाली, 'थंडी वाढली आहे, काळजी घ्या.'

मीही हेच केलं असतं. म्हणूनच जास्त राग येतो.


१४ नोव्हें., शनि., लक्ष्मीपूजन

पूजा केली. बाबांनी वहीपूजनाला म्हणून एक रिकामं पाकीट ठेवलं. मी म्हटलं, राहू दे. ते म्हणाले, 'तुझी वही हेच आहे ना?' कुंकू लावलं त्याला.

जपानी बातम्यांचं पान मशिनकडून भाषांतर करून वाचलं. आमची चार मजली इमारत विकायला निघाली आहे. मला टोकियोहून कुणी कळवलं नाही. मी कुणाला कळवलं नाही.


१८ डिसें.

या महिन्याचा पगार नाही. सगळ्यांना मेल मी लिहिला, 'तात्पुरता विलंब'. एकवीस माणसांना नाताळाच्या आठवड्यात. खाली माझं नाव आणि त्याखाली डायरेक्टर.

नीव्हचं उत्तर: 'तुझी काय चूक गं. तू जेवतेस ना नीट?'

'जेवते' एवढंच लिहून पाठवलं.


१२ जाने. २०२१

संपलं. टोकियोने दिवाळखोरीचा अर्ज केला. ओ.सां.नी पत्रकारांसमोर माफी मागितली, त्याचा फोटो. डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसतो. केस किती विरळ झालेत.

डेक्लनने समजावलं. मी तीनदा विचारलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. गॉलवेची कंपनी वेगळी, ती आपोआप बंद होत नाही. ती रीतसर बंद झाली तर लोकांचा थकलेला पगार आणि नोकरी गेल्याची भरपाई सरकारी फंडातून मिळते. नाहीतर ती नुसती पडून राहते आणि लोक लटकतात. टोकियोच्या मंडळींना गॉलवेचं सोयरसुतक नाही. कागद हलवायला इथे राहणारं कुणीतरी हवं. 'म्हणजे तू.'

आणि मी ते केलं तर? लिक्विडेटर, म्हणजे कंपनी गुंडाळायला नेमलेला तपासनीस, येणार, डायरेक्टरांना काय माहीत होतं आणि कधीपासून, हे तपासणार. नीट वागलो नाही असं ठरलं तर पाच वर्षं नावावर शिक्का. नागरिकत्वाचा अर्ज मी याच वर्षी करणार होते.


१५ जाने., शुक्र.

ओ.सां.चा मेल. अकरा महिन्यांत पहिल्यांदा चित्राशिवाय.

'शारुबारी-सान. आपल्याला या त्रासात ओढलं, क्षमा नाही. सोबत आपला राजीनामा तयार करून पाठवतो. मी तो स्वीकारल्याचा शिक्का मारला आहे. फक्त सही करा.'

राजीनाम्यावर तारीख: ३१ ऑगस्ट २०२०.

म्हणजे डेक्लनच्या फोनच्या तीन दिवस आधी. मला काही कळायच्या आधीच मी गेलेली. ते बक्षिसानंतर माझ्याशी मोकळेपणी एक वाक्य बोलले नाहीत, पण ही तारीख त्यांनी नेमकी निवडली. डेक्लनने त्यांनाही तेव्हाच कळवलं असणार. त्यांना मला खरंच वाचवायचंय. मला भरून आलं आणि शिसारीही आली.

दिवसभर प्रिंट टेबलावर पडून होता.


१७ जाने., रवि.

बाबांनी प्रिंट वाचला. चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. मग तारखेवर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून बोलायला लागले. जेवढं आठवतं तेवढं लिहिते.

वणीला असताना ते एका पतसंस्थेचे संचालक होते. मला माहीतच नव्हतं. हेडमास्तरांचं नाव यादीत असलं की लोक ठेवी ठेवतात, म्हणून अध्यक्षांनी घरी येऊन, हार घालून सही घेतली. 'मले मोठा मान वाटला. पुरं वाचलं नाई.' चार वर्षांनी संस्था बुडाली. बोंब व्हायच्या आठ दिवस आधी अध्यक्षाने एक कागद पाठवला. राजीनामा. तारीख दोन महिने मागची.

'मी सही केली, बाई.'

बाकीचे संचालक वरच्या ओळखीने सुटले. अडकला तो मॅनेजर, सोनटक्के. त्याची बायको बाबांच्याच शाळेत शिक्षिका. नवरा आत, आणि ती रोज सकाळी मस्टरवर सही करायला बाबांच्या खोलीत येई. 'नमस्कार सर म्हणे. एक दिवस चुकली नाई. एक शब्द जास्त बोलली नाई. मी दीड वर्ष तिचा नमस्कार घेतला. मंग बदली मागतली.'

मी बारा वर्षांची होते. घरात सांगितलेलं कारण होतं, शर्वरीच्या शिक्षणासाठी नागपूर. आईने मरेपर्यंत तेच सांगितलं. माझ्या नावावर.

खूप राग आलाय. कशाचा ते नीट सांगता येत नाही. सोनटक्केबाई मला चित्रकला शिकवायच्या.


१८ जाने., सोम.

आज सकाळी पोहे देताना बाबा म्हणाले, 'सही करून टाक.'

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

'काल तुम्ही मला जे सांगितलं, त्यानंतर?'

'काल मी माह्यं सांगितलं. आज तुह्यं सांगून राह्यलो. मी बाप आहो. तुले अडकू देऊ का? मले दीड वर्ष झोप नाई लागली, पण तू शिकली, इथवर आली. आतमंधी असतो तर आली असती का?'

'आणि नीव्ह?'

'ते पोरगी चांगली आहे,' म्हणाले, आणि मग डोळ्यांतून पाणी. मी त्यांना रडताना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. पाच कि.मी. जाऊ देत, या खोलीतसुद्धा कुठे जायला जागा नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. परत आले तेव्हा त्यांनी माझे पोहे झाकून ठेवले होते.

ते सांगतात तसं केलं तर मी सुटते. खरंच सुटते. नीव्ह मला कायम 'तुझी काय चूक' म्हणेल आणि मी ऐकून घेईन.


२२ जाने.

ओ.सां.ना उत्तर पाठवलं. मोडक्यातोडक्या जपानीत, स्वतः लिहून. 'आपल्या काळजीबद्दल ऋणी आहे. तारखेचं जरा अवघड आहे.'

तासाभराने त्यांचं उत्तर. 'समजलो.' त्यांना समजणारच.

पुढे अजून एक ओळ होती: मीटिंग बोलवा, मी हजर राहीन. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.


२९ जाने., शुक्र.

सकाळी दहाला मीटिंग, सगळ्या स्टाफची. एकवीस चौकटींतल्या अठरा भरल्या. तिकडे ओ.सा. एका रिकाम्या खोलीत, मागे भिंतीवर फ्रेम काढल्याच्या खुणा. ते आधी वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. कुणाला कळेना माइक बंद करावा की काय.

मग मी बोलले. कंपनी रीतसर बंद करतेय. फंडाचे अर्ज मी भरून देईन, प्रत्येकाचा. पैसे यायला कित्येक महिने लागतील. पाकिटं टोकियोच्या वकिलाच्या ताब्यात जातील. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. कुणीतरी विचारलं, बारावा भाग कुणी पुरा करणार का? ओ.सा. म्हणाले, 'ते अवघड आहे.' या वेळी सगळ्यांना कळलं.

शेवटी नीव्ह. 'शारबद्दल बोलायचंय. हिला निघून जाता आलं असतं. ही थांबली. थँक्स, शार.' आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपापल्या घरात बसून, माझ्यासाठी.

तिला किलकेनीत आता जागा नाही. तिने चौकशी केली होती, हे मला दुसऱ्याकडून कळलं. सप्टेंबरमधलं खरं तेव्हा सांगायला हवं होतं, त्या टाळ्यांच्या आधी. माइक चालू होता. मी 'थँक यू' म्हणाले.

मीटिंग संपली तरी बसून होते. बाबा दारात उभे. त्यांना इंग्रजी पुरतं कळत नाही, पण टाळ्या कळल्या. 'नमस्कार घेतला का?' एवढंच विचारलं.


४ फेब्रु.

डेक्लनचा फोन. लिक्विडेटर नेमला जातोय, बाई आहे, कडक पण सरळ. ती सगळं मागेल: मेल, मिनिट्स, नोंदी. 'तू तारखांसकट काही लिहून ठेवलंयस का? असेल तर फार उपयोगी. तू कुठे काय विचारलंस, काय उत्तर आलं. तुझ्या बाजूचा पुरावा होईल.'

आहे म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

'उत्तम. इंग्रजीत करून दे. काटछाट मात्र नको, अर्धवट दिलेलं लगेच कळतं. आणि लोकांना बघायचं झालं तर त्यांनाही मागता येतं.'

लोकांना म्हणजे एकवीस जणांना.

ही वही मराठीत आहे. हिच्यात काय आहे ते मला आणि बाबांना माहीत. बाबांनी कधी वाचली नाही, पण त्यांना माहीत आहे. नीव्ह आत आली त्या दिवशी चहा त्यांनीच केला होता.


९ फेब्रु., मंगळ.

सकाळपासून भाषांतर करतेय. दिव्याची पेटी परत गेली, त्यामुळे टेबल मोकळं आहे. बाहेर वारा, प्रॉमवर पाणी आलंय म्हणे. पहिली पानं भराभर झाली. बाबांच्या गाई कशा लिहायच्या कळेना, लिहिल्या तशाच. जून लिहिताना मध्येच थांबून ओ.सां.चा तो समुद्र पुन्हा उघडून बघितला.

मधे नीव्हचा मेसेज. अर्जातला एक रकाना समजत नाहीये, संध्याकाळी फोन करू का? कर म्हटलं. सहाला करेल.

ऑगस्टचं वहीत पानच नाही. जुलै संपला की पान उलटायचं, थेट तीन सप्टेंबर.

बाबांनी जेवायचं वाढलं, तरी मी उठले नाही. मग ते समोरची खुर्ची ओढून बसले.

'कुठवर आली?'

'जुलै संपला,' म्हटलं.

त्यांनी ताट जरा बाजूला सरकवलं, वहीला लागू नये म्हणून. उठले मात्र नाहीत.